युकुलेलेचा गट मरगळू नये म्हणून: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

युकुलेले म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य. ते मिळून वाजवणाऱ्या गटात मरगळ आली की चालवणाऱ्याला एकच औषध सुचतं, नवीन गाणी. पुढच्या बैठकीला चार नवे कागद छापून येतात, त्याच्या पुढच्या बैठकीला आणखी तीन. दोन महिन्यांत वही जाडजूड होते आणि त्यातलं एकही गाणं धड वाजत नाही. जे कंटाळले होते ते तसेच राहतात. वर, जे कसेबसे तग धरून होते तेही गळतात.

बहुतेक वेळा माणूस गाण्याला कंटाळलेला नसतो. त्या गाण्यात दर वेळी तेच काम वाट्याला येतं, याला तो कंटाळलेला असतो. त्यामुळे खाली दिलेल्या क्रमात नवीन गाणं बरंच उशिरा येतं. क्रम बदलू नका. पहिल्या तीन पायऱ्या न करता कुणी थेट सहाव्या पायरीवरच्या गमती करायला गेलं, तर दोन आठवडे मजा येईल आणि तिसऱ्या आठवड्यात गाडी मूळ पदावर.

## पायरी १ : कोण गळतंय आणि का, ते आधी शोधा

हजेरीची वही असेल तर ती काढा, नसेल तर आठवून लिहा. सध्या कोण येतं यापेक्षा पूर्वी नियमित यायचे आणि आता येत नाहीत, त्यांची यादी महत्त्वाची. त्या प्रत्येकाला एकेकट्याने फोन करा. गटावर सामूहिक निरोप टाकून खरं कारण कधीच कळत नाही. तिथे सगळेच ‘कामात अडकलो होतो’ म्हणतात.

कारणं साधारण तीन निघतात. काहींचा हात पुढे गेलेला असतो आणि बैठकीत त्यांना करण्यासारखं काही उरलेलं नसतं. काही मागे पडलेले असतात, पण तसं बोलून दाखवत नाहीत. आणि काहींशी मधल्या वेळात कुणी दोन शब्द बोललेलंच नसतं. या तिघांची औषधं वेगवेगळी आहेत. तिसऱ्या प्रकाराला तर कुठल्याच गाण्याचा उपयोग नाही.

जे येतात त्यांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या. नाव लिहायची सक्ती नको. प्रश्न तीनच:

- कुठलं गाणं काही महिने नको?
- कुठल्या गाण्यात हात अडकतो?
- गटात काय करून बघायची इच्छा आहे?

‘बैठक कशी वाटते?’ असं मोघम विचारू नका. ‘छान चाललंय’ एवढंच उत्तर येतं. तोंडी तर मुळीच विचारू नका, कारण मोठ्या आवाजाचे दोघे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

तपासून पाहा: पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत एकच गाणं दोन्हीकडे आलंय का? बहुधा येतंच. अर्ध्यांना त्याचा कंटाळा आलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्यांना ते अजून जमलेलंच नसतं. ते गाणं काढून टाकू नका. तिसऱ्या पायरीसाठी तेच घ्यायचं आहे.

## पायरी २ : वही छाटा आणि कागद नीट करा

सगळ्या गाण्यांच्या तीन याद्या करा. ‘चालू’मध्ये वीस-पंचवीस गाणी, ‘नवीन’मध्ये एका वेळी जास्तीत जास्त तीन, आणि बाकीची सगळी ‘विश्रांती’त. विश्रांतीतलं गाणं तीन महिने वाजवायचं नाही, पण फाडूनही टाकायचं नाही. जे गाणं तुम्हाला नकोसं झालंय त्यावर गटात कुणाचा तरी जीव असतोच. तीन महिन्यांनी तेच गाणं परत आलं की लोक आपणहून ‘अरे वा’ म्हणतात.

आता कागद. बैठकीतला निम्मा गोंधळ कागदांमुळे होतो, यात मला शंका नाही. एक गाणं एका पानावर बसवा. बसत नसेल तर समोरासमोरच्या दोन पानांवर घ्या. ऐन अंतऱ्यात पान उलटायची वेळ आली की निम्मे हात थांबतात. अक्षर किमान १४ आकाराचं ठेवा. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) ज्या अक्षरावर बदलते, बरोबर त्याच अक्षरावर तिचं नाव यायला हवं. कोऱ्या जागा टाकून जुळवलेली कॉर्डची नावं दुसऱ्याच्या फोनवर उघडली की सरकतात, म्हणून पीडीएफ करूनच पाठवा.

पानाच्या कोपऱ्यात तारीख लिहा. कागदात दुरुस्ती केली की तारीख बदला. नाहीतर तिघे जुन्या कागदावरून एफ वाजवत असतात आणि बाकीचे नव्यावरून डी मायनर, आणि हा बेसूर नेमका कुठून येतोय ते कळत नाही. शेवटही कागदावर स्पष्ट असू द्या: ‘शेवटची ओळ तीनदा, तिसऱ्यांदा संथ, मग एकच ठोका.’ न लिहिलेला शेवट प्रत्येक जण आपापला करतो.

पट्टीकडे तर सर्रास दुर्लक्ष होतं. ध्वनिमुद्रणातलं गाणं कमावलेल्या गळ्याचं असतं, ते तुमच्या गटाला त्याच पट्टीत झेपेलच असं नाही. गाण्यातली सर्वांत उंच ओळ घ्या आणि गटातल्या साध्या गळ्याच्या दोन-तीन जणांना ती हळू आवाजात गायला सांगा. सर्वांत चांगल्या गायकावर ही चाचणी घेऊन उपयोग नाही. ओढाताण झाली तर पट्टी खाली आणा. डी म्हणजे पांढरी दोनमधलं गाणं सी म्हणजे पांढरी एकमध्ये आणलं, की डी, जी आणि ए या कॉर्डच्या जागी सी, एफ आणि जी येतात. हातालाही हे सोपं पडतं.

सावधान: कापो (वाद्याच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पट्टी फक्त वर जाते. सीच्या आकारात, म्हणजे बोटांच्या मांडणीत, वाजवून दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरावर) कापो लावला की डी ऐकू येते. खाली यायचं असेल तर कागदच नव्याने लिहावा लागतो.

ई मेजरची कॉर्ड नवशिक्यांच्या गटात शक्यतो आणूच नका. तिन्ही बोटं चौथ्या फ्रेटवर दाटीवाटीने बसवायची आणि शिवाय पहिल्या तारेवर (जमिनीकडच्या; चौथी तार छातीकडची) दुसरा फ्रेटही दाबायचा, हे भल्याभल्यांना जमत नाही. सगळं गाणं सी किंवा जीमध्ये हलवणं कितीतरी स्वस्त पडतं.

गटात कुणाकडे बॅरिटोन, म्हणजे मोठ्या आकाराचं युकुलेले, असेल तर त्याच्यासाठी कागद वेगळा लागतो. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या लहान आकाराच्या युकुलेले सहसा जी, सी, ई, ए अशा लावलेल्या असतात. बॅरिटोन डी, जी, बी, ई अशी लावतात. त्यामुळे बाकीच्यांचा सीचा आकार बॅरिटोनवर जी म्हणून वाजतो. वेगळा कागद करायचा नसेल तर त्याने पाचव्या फ्रेटवर कापो लावावा, मग सगळ्यांचे आकार एकच.

गाण्याचे शब्द आणि चाल यांवर कुणाचा तरी हक्क असतो. कागद बाहेर वाटण्याआधी किंवा जाहीर कार्यक्रमाआधी परवानगीचे नियम विचारून घ्या.

## पायरी ३ : एकाच गाण्यात चार थर लावा

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे. एवढी एकच पायरी नीट केलीत तरी गटात फरक दिसेल.

वीस जण एकच गाणं एकाच स्ट्रमिंगने (तारांवरून हात खाली-वर फिरवण्याच्या ठरावीक पद्धतीने) वाजवतात तेव्हा ऐकू येतो तो नुसता खळखळाट. शब्द बुडतात. हात पुढे गेलेल्यांना करण्यासारखं काही नसतं आणि मागे पडलेल्यांची दमछाक होते. त्याऐवजी कामं वाटा.

पहिला थर. प्रत्येक मात्रागटाच्या पहिल्या मात्रेला एकच ठोका. बाकीच्या मात्रा मनात मोजायच्या. ज्याला हेही जड जातंय त्याने एकच कॉर्ड सांभाळावी. सी आली की वाजवायची आणि एरवी तारांवर तळवा ठेवून हलका ठेका द्यायचा. गाण्यात त्याची जागा पक्की असते आणि तो कुणाला अडवतही नाही.

दुसरा थर. प्रत्येक मात्रेला खाली एक हात. सगळ्या कॉर्ड घ्यायच्या, पण घाई नको. एखादी कॉर्ड सुटली तर तिचा नाद सोडून पुढची पकडायची.

तिसरा थर. नेहमीचं स्ट्रमिंग: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. हा थर चार-पाच जणांनीच घ्यावा. यात जास्त माणसं घातली की परत तोच खळखळाट.

चौथा थर. एकेक तार छेडणं, चालीचे सूर वाजवणं किंवा तीच कॉर्ड वरच्या फ्रेटवर घेणं. सी खाली एकाच बोटाने येते, पण चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत ५, ४, ३, ३ असे फ्रेट दाबले तर तीच सी वरच्या आवाजात मिळते. दोघांनी ती घेतली की गाण्याचा रंगच बदलतो. ज्यांची चौथी तार लो-जी, म्हणजे नेहमीपेक्षा एक सप्तक खाली लावलेली, आहे त्यांना चालीचे खालचे सूर मिळतात, म्हणून चाल त्यांच्याकडे द्या.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका ठरावीक कॉर्डमाळेवर बघू: सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन. असंख्य गाणी याच चारांवर चालतात. सीला अनामिका पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असते. ती उचला आणि मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा, ए मायनर झाली. मधलं बोट तसंच राहू द्या आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर टेकवा, एफ झाली. इथेच बहुतेक जण चूक करतात. एफवरून जी सेव्हनला जाताना ते सगळा हात उचलतात आणि बोटं पुन्हा एकेक करून मांडतात. तेवढ्यात मात्रा निघून गेलेली असते. तर्जनी हलवायचीच नाही. ती दोन्ही कॉर्डमध्ये त्याच जागी असते. फक्त मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर न्यायचं आणि अनामिका पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवायची. हा बदल गाण्याबाहेर पाच मिनिटं नुसता घोटून घ्या. ‘मला जी सेव्हन जमतच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण तिथेच सुटते.

कॉर्ड हातात बसल्या की थर चढवा. पहिल्या कडव्याला फक्त पहिला आणि चौथा थर. ध्रुवपदाला सगळे. दुसऱ्या कडव्याला पहिला आणि दुसरा. शेवटच्या ध्रुवपदाला पुन्हा सगळे.

सावधान: थरांना ‘नवशिके’ आणि ‘तयार’ अशी नावं देऊ नका. ती नावं माणसांना चिकटतात. कामावरून नावं द्या: मात्रा, ठेका, स्ट्रमिंग, नक्षी. आणि दर बैठकीला माणसं फिरवा. सगळ्यांत तयार वादकालाही पहिला थर द्या. संथ लयीत फक्त पहिली मात्रा न घसरता धरून ठेवणं किती अवघड असतं, हे त्याला तेव्हा कळतं.

तपासून पाहा: फोन गटाच्या मधोमध ठेवून एक गाणं रेकॉर्ड करा. शब्द स्पष्ट ऐकू येत नसतील तर तिसऱ्या थरातले दोघे कमी करा.

## पायरी ४ : बैठकीचा क्रम ठरवून ठेवा

नव्वद मिनिटांची बैठक धरून चालू. तेवढ्यात बारा-पंधरा गाण्यांच्या पुढे जाऊ नका. गाण्यांचा आकडा वाढवायच्या नादात बैठकीची दमछाक होते.

लोक येण्याआधी. खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडा, पण एकच लांबलचक ओळ करू नका, एकामागे एक दोन कमानी करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटरवर बसलेल्याला तुमचा ठोका साधारण ०.०३ सेकंद उशिरा पोचतो. तो त्या ठोक्यावर वाजवतो आणि त्याचं वाजवणं तुमच्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. एवढ्याशा फरकाने लय ओढल्यासारखी वाटते, मग पुढचे मागच्यांना आणि मागचे पुढच्यांना नावं ठेवतात. म्हणून जवळ जवळ बसा. नवे पुढच्या ओळीत, म्हणजे त्यांना तुमचा डावा हात दिसेल. लय पक्की असलेले मागच्या ओळीत, म्हणजे ठेका पाठीमागून येत राहील.

पहिली दहा मिनिटं, सूर लावणं. हे टाळू नका. वाद्य बेसूर असलं की नव्या माणसाला वाटतं चूक आपल्या हाताची आहे. फोनमधला ट्यूनर मायक्रोफोनवर ऐकतो, त्यामुळे गलक्यात गोंधळतो. वाद्याच्या डोक्याला लावायचा क्लिपवाला ट्यूनर लाकडाची थरथर पकडतो, म्हणून आजूबाजूला आवाज असला तरी चालतो. गटासाठी असे दोन-तीन ट्यूनर ठेवून द्या. सगळ्यांचे ट्यूनर ४४० हर्ट्झवरच (ए या सुराच्या नेहमीच्या मापावर) आहेत ना, तेही एकदा बघा. कुणाचा तरी चुकून हललेला असतो. ट्यूनरवर लावून झालं की एकेक तार सगळ्यांनी मिळून वाजवा. चुकलेलं वाद्य लगेच कानाला टोचतं. नव्या तारा काही दिवस ताणल्या जातात आणि सारख्या उतरतात, तेव्हा ज्यांनी तारा बदलल्यात त्यांना दर दोन गाण्यांनी तपासायला सांगा.

पुढची दहा मिनिटं. सगळ्यांना पाठ असलेलं सोपं गाणं, कागद न बघता.

त्यानंतर वीस मिनिटं ‘चालू’ यादीतली गाणी, आणि मग पंधरा मिनिटं नवीन गाणं. नवीन गाणं मधल्या सुट्टीच्या अगदी आधीच ठेवा. ज्यांना जमलं नाही ते सुट्टीत शेजाऱ्याला विचारून घेतात. बैठकीच्या शेवटी ठेवलंत तर न जमल्याची खंत घेऊन माणूस घरी जातो.

सुट्टी दहा-पंधरा मिनिटं. वेळ कमी पडतोय म्हणून हिच्यावर कात्री चालवणारे बरेच दिसतात. गाणी कमी करा, सुट्टी नको.

सुट्टीनंतर थरांचं एक गाणं, मग फर्माइशी, आणि शेवटी सगळ्यांना येणारं एखादं दणदणीत गाणं.

फर्माइशी चिठ्ठ्यांवर घ्या आणि डब्यातून काढा. तोंडी घेतल्या की दर वेळी त्याच तिघांची तीच गाणी होतात. एकाची चिठ्ठी निघाली की महिनाभर त्याची दुसरी नको. चिठ्ठी ‘चालू’ यादीतल्याच गाण्याची हवी, नाहीतर कुणीतरी सात कॉर्डचं काहीतरी काढतं आणि बाकीचे बघत बसतात.

सावधान: दोन गाण्यांच्या मध्ये एका मिनिटापेक्षा जास्त बोलू नका. गाण्याची जन्मकथा सुट्टीत सांगा.

लयीबद्दल एक गोष्ट. सुरुवातीचे आकडे मोजायच्या आधी गाण्यातला सर्वांत अवघड कॉर्डबदल मनात वाजवून बघा आणि तो ज्या लयीत जमेल त्याच लयीत मोजा. सोपी पहिली ओळ डोक्यात ठेवून मोजलं की सगळे सुसाट निघतात आणि चौथ्या ओळीला आपटतात. ध्रुवपद आलं की गट हमखास पळतो, उत्साहात आवाज वाढतो आणि त्याच्यासोबत लयही. सरावाला मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ७० ठोक्यांवर लावा आणि ध्रुवपद मुद्दाम हळू आवाजात वाजवून घ्या. आवाज आणि लय वेगवेगळ्या ठेवायची सवय त्यातून लागते.

## पायरी ५ : नवीन गाणं बसवायचं ते या क्रमाने

१. वाद्य मांडीवर ठेवून गाणं एकदा ऐका.

२. टाळी देत कॉर्डची नुसती नावं म्हणा: ‘सी दोन तीन चार, एफ दोन तीन चार.’ हे पोरकट वाटतं म्हणून बरेच गट गाळतात. पण कॉर्ड कधी बदलायची हे तोंडात बसल्याशिवाय हातात येत नाही.

३. उजवा हात स्वस्थ ठेवून फक्त डाव्या हाताने कॉर्ड बदला.

४. प्रत्येक कॉर्डला एकच ठोका.

५. वाजवत गुणगुणा.

६. शेवटी शब्द.

पहिल्या बैठकीत ध्रुवपद पुरे. कडवी पुढच्या वेळी.

नेहमीची चूक अशी की गाणं पहिल्या ओळीपासून सुरू करायचं, कुणी अडखळलं की थांबायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून घ्यायचं. असं केलं की पहिली ओळ वीस वेळा वाजते आणि शेवटचं कडवं एकदाही नाही. जिथे अडलंय त्याच्या दोन मात्रा आधीपासून घ्या, तेवढाच तुकडा चार-पाच वेळा घोटा आणि पुढे सरका. एरवी थांबायचं नाही, चुकलं तरी गाणं शेवटाला न्यायचं.

तीन बैठकांनंतर निर्णय घ्या. जमतंय आणि आवडतंय तर ‘चालू’मध्ये. नाहीतर विश्रांती. ‘एवढी मेहनत घेतली, आता सोडायचं कसं’ म्हणून रडतखडत ओढलेली गाणीच पुढे वहीत साचतात.

## पायरी ६ : जुनं गाणं नव्याने वाजवा

आता गमती करायला हरकत नाही. एका बैठकीत एकच गंमत, हे पथ्य मात्र पाळा.

मला सगळ्यांत आवडते ती ‘मुकं कडवं’. सगळे मिळून गाणं सुरू करतात. ठरलेल्या कडव्याला एकदम आवाज बंद, वाद्य नाही आणि गळाही नाही. गाणं प्रत्येकाच्या डोक्यात चालू राहतं आणि ध्रुवपदाला सगळ्यांनी एकत्र परत यायचं. पहिल्यांदा चार ठिकाणांहून चार ध्रुवपदं सुरू होतात आणि हसून पुरेवाट होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी गट बरोबर एका ठोक्यावर उतरतो. लयीची जाण याने जितकी पक्की होते तितकी मेट्रोनोमनेही होत नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात. चार मात्रांचं गाणं तीन मात्रांत वाजवून बघा. ज्या दोन गाण्यांची कॉर्डमाळ एकच आहे ती अर्ध्या-अर्ध्या गटाने एकाच वेळी गावीत. निम्म्यांनी फक्त गायचं, निम्म्यांनी फक्त वाजवायचं, आणि मध्येच अदलाबदल. किंवा कागद पालथे ठेवून पाठ असेल तेवढं वाजवा. लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त पाठ असतं.

विशिष्ट विषयाच्या बैठका, म्हणजे पावसाची गाणी, प्रवासाची गाणी वगैरे, चांगल्या असतात, पण दर आठवड्याला नकोत. विषयाला साजेशी गाणी शोधता शोधता चालवणाऱ्याचाच उत्साह आटतो.

## पायरी ७ : पुढची खुर्ची फिरती ठेवा

एकच माणूस वर्षानुवर्षं गट चालवतो तेव्हा गटाची चव त्याच्या चवीपुरतीच राहते. शिवाय तो आजारी पडला की बैठक बंद. महिन्यातून एकदा बैठकीचा अर्धा भाग दुसऱ्या कुणाला द्या. एकट्याला संकोच वाटत असेल तर दोघांना मिळून.

नव्या चालवणाऱ्याने ‘चालू’ यादीतलीच गाणी घ्यावीत. त्याला आधी फक्त तीन गोष्टी शिकवा: आकडे कसे मोजायचे, ध्रुवपद परत घ्यायचं असेल तर हाताची काय खूण करायची, आणि शेवट कसा दाखवायचा. शेवटासाठी वाद्याची मान वर उचलायची खूण सोयीची पडते, कारण दोन्ही हात गुंतलेले असतानाही ती करता येते. सगळ्या गटाची खूण एकच असू द्या.

सावधान: तो चालवत असताना तुम्ही खुर्चीवरून लय दुरुस्त करायची नाही, ओठांनी आकडे मोजायचे नाहीत, मानेने खुणाही करायच्या नाहीत. गाणं कोसळलं तरी कोसळू द्या. दोन मिनिटांनी तो स्वतःच पुन्हा सुरू करेल.

## पायरी ८ : नवा माणूस आला की

नव्या माणसाच्या स्वागताची जबाबदारी ‘सगळ्यांची’ असली की ती कुणाचीच नसते. दर बैठकीला एकाचं नाव आधीच ठरवा. त्याने नव्या माणसाला शेजारी बसवायचं, कागद काढून द्यायचा आणि सुट्टीत सोबत करायची. गटाकडे एक-दोन जादा वाद्यं सूर लावून तयार ठेवा.

‘मी नुसती बघायला आलेय’ असं कुणी म्हणालं तर ‘बसा ना काकू, हे एक बोट इथे ठेवा आणि मी मान हलवली की वाजवा’ एवढंच म्हणावं. सी कॉर्ड म्हणजे एकच बोट. पहिल्याच गाण्यात त्या पहिल्या थरात बसतात. सूर, फ्रेट, बोटांचे क्रमांक हे सगळं पुढच्या वेळी.

तीन-चार नवे जण एकदम आले तर बैठकीच्या अर्धा तास आधी त्यांना वेगळं बोलवा. मुख्य बैठकीचं शिकवणीवर्गात रूपांतर होऊ देऊ नका, जुने लोक त्यालाच सर्वांत लवकर विटतात. आणि नव्या माणसाच्या वाद्यावर, ते कितीही स्वस्तातलं असलं तरी, पहिल्या दिवशी टीका नको. सूर टिकत नसेल तर तारा बदलून द्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

## पायरी ९ : कार्यक्रम करा, पण बैठक त्याला गहाण टाकू नका

बाहेर वाजवायची संधी आली की गटात चैतन्य येतं, हे खरं. पण त्यानंतर दोन महिने प्रत्येक बैठकीत तीच सहा गाणी घोटली जातात, आणि ज्यांना कार्यक्रमात यायचंच नव्हतं ते गुपचूप येणं सोडतात. म्हणून कार्यक्रमाचा सराव वेगळ्या वेळी ठेवा, भाग घेणं ऐच्छिक ठेवा आणि गाणी ‘चालू’ यादीतूनच निवडा. खास कार्यक्रमासाठी नवीन गाणं बसवायचा मोह टाळा. कार्यक्रम झाला की त्यातली गाणी महिनाभर विश्रांतीत टाका.

## पायरी १० : दर तीन महिन्यांनी

पहिल्या पायरीतल्या चिठ्ठ्या पुन्हा वाटा. विश्रांतीतली पाच गाणी चालू यादीत आणा, चालूतली पाच विश्रांतीत पाठवा. चिठ्ठ्यांतून आलेल्या सूचनांपैकी एकच घ्या आणि पुढचे तीन महिने तीच राबवा. खुर्च्यांची मांडणी, क्रम आणि वही असं सगळं एकदम बदललं तर नेमक्या कशामुळे फरक पडला ते कळत नाही, आणि फरक पडलाच नाही तर परत कुठे यायचं हेही सापडत नाही.

बाकीच्या सूचना तारखेसह वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि ते पान सगळ्यांना बघू द्या. आपली सूचना कुणीतरी वाचली आहे आणि तिचा नंबर लागायचा आहे, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला दिसलं पाहिजे. नाहीतर पुढच्या खेपेला डब्यात कोऱ्या चिठ्ठ्या येतात.